टाकीच्या झाकणाचा दोरा

“मॅडम, हे लिहून घ्यायचं का?”

नऊ वर्षं झाली मी शिक्षकांची प्रशिक्षणं घेते, आणि दर प्रशिक्षणात पहिला प्रश्न हाच येतो. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, मुलांना विचार करायला कसं लावायचं. समोर पन्नासेक शिक्षक पेनाची टोपणं काढून तयार बसलेले असतात. विचार करायला नाही, उतरवून घ्यायला. सुरुवातीला मला हसू यायचं. मग राग यायला लागला. आता काहीच येत नाही, मी सरळ हो म्हणते.

मी काही आभाळातून पडलेली तज्ज्ञ नाही. एकवीस वर्षं खेड्यातल्या शाळांत शिकवलं, सोयगावपासून पैठणपर्यंत बदल्या भोगल्या, एस.टी.च्या मागच्या सीटवर बसून गुडघे घालवले. मग प्रतिनियुक्तीवर शहरात आले. काम एवढंच, की चिकित्सक विचार म्हणजे काय हे शिक्षकांना समजावून सांगायचं. उस्मानपुऱ्यात घर, दहा मिनिटांवर प्रशिक्षणाचा हॉल. सगळे म्हणाले, नशीब काढलं बाई. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर या कामावर माझा फार जीव होता. मी स्वतः शाळेत असताना एक शंका विचारली म्हणून गुरुजींनी वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते मी विसरले नव्हते. ते उट्टं काढायला मी आले होते म्हणा.

मी शिक्षकांना एकच गोष्ट मागायचे. रोज मुलांना असा एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला माहीत नाही. बस, एकच. मग मागून कुणीतरी दबकत विचारायचं, की मग त्याचं उत्तर कुठं मिळेल. दुसरे म्हणायचे, प्रश्न तुम्हीच द्या, आम्ही विचारतो. आणि तिसऱ्या दिवशी, निरोपाच्या पोह्यांच्या वेळेला, ठरलेली मागणी यायची. मॅडम, उत्तरसूची ग्रुपवर टाका.

ज्या प्रश्नांना ठरीव उत्तरच नाही त्यांची उत्तरसूची! दोन वर्षं मी भांडले. शिक्षक वर तक्रार करायचे की मॅडम अर्धवट साहित्य देतात, आणि वरून फोन यायचा. मुलांची वही तपासायची कशी, गुण कशाला द्यायचे, हा त्यांचा सवाल होता आणि त्यात त्यांचंही काही फारसं चुकत नव्हतं, त्यांनाही कुणीतरी तपासायलाच येणार होतं. शेवटी मी कंटाळले. एका रविवारी बसून चाळीस प्रश्न काढले आणि प्रत्येकापुढं दोन-दोन ओळींचं उत्तर लिहिलं. पहिला प्रश्न होता, प्रश्न विचारणे का महत्त्वाचे आहे? त्याचं उत्तरही मीच लिहिलं. प्रश्न विचारल्याने बुद्धी तल्लख होते व सत्य समजते. माझ्या जोडीला एक सर होते, उर्दू शाळेतले, शांत माणूस. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बाई, ये तो गाईड हो गया ना.”

मी त्यांच्यावरच चिडले. पण वेरूळच्या बाजूला एका शाळेत वह्या बघायला गेले तेव्हा त्यांचं म्हणणं समजलं. प्रश्न होता, नदी बोलू लागली तर काय म्हणेल? माझ्या सूचीत उत्तर होतं, मला घाण करू नका. सगळ्या वर्गानं तेच लिहिलं होतं, त्याच शब्दांत, त्याच चुकांसकट. एका पोरीनं तेवढं वेगळं लिहिलं होतं. ‘नदी म्हणेल की मी कुठं गेले.’ गावची नदी वर्षातले नऊ महिने कोरडी, तिनं खिडकीतून बघून लिहिलं असणार. त्या वाक्यावर लाल पेनानं फुली होती. मी शिक्षकांना विचारलं, हे चूक कसं? ते बिचारे गोंधळले. म्हणाले, तुमच्या उत्तराशी जुळत नाय मॅडम. मी फुलीवर बरोबरची खूण केली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडीत येऊन बसले. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली होती.

त्यानंतरच्याच प्रशिक्षणात एक शिक्षिका आली. बजाजनगरमधल्या एका खाजगी शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. वय सत्तावीस-अठ्ठावीस, कपाळावर घाम, कारण दोन रिक्षा बदलून यायची. शाळा कामगारांच्या मुलांची. नेमणूक कायम नव्हती, दर जूनमध्ये संस्थेनं नवीन पत्र दिलं तर ती पुढं, नाही तर घरी. तिसऱ्या रांगेत बसायची आणि काही म्हणजे काही लिहून घ्यायची नाही. नुसती ऐकायची, मधूनच भुवया उंचवायची. मला वाटलं, आगाऊ आहे. दुसऱ्या दिवशी तिनं हात वर केला.

“मॅडम, मुलांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाच गैरसोयीचं निघालं तर?”

नऊ वर्षांत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी अशी खूष झाले, की ऐटीत खडू टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “तर समजायचं, आज तास खरा झाला.”

तेवढं वाक्य मात्र तिनं वहीत लिहून घेतलं. वर तारीख टाकली. मी पाहिलं, आणि मला लई बरं वाटलं.

पुढं ती अधूनमधून फोन करायची. तिच्या वर्गाला एक प्रश्न सापडला होता. शाळेच्या पाण्याला वास का येतो? पुस्तकातला नाही, त्यांच्याच नळाचा. मुलांनी आधी बाटल्यांवर संशय घेतला, मग नळावर, मग पाइपावर. घरच्या पाण्याशी ताडून पाहिलं. वहीत रोज वास ‘आहे’, ‘नाही’, ‘जास्त’ अशी नोंद. शेवटी सगळे येऊन थांबले शाळेमागच्या टाकीपाशी. सिमेंटची बसकी टाकी, वर लोखंडी झाकण, आणि अंगावर निळ्या रंगात लिहिलेलं, टाकी स्वच्छ केल्याचा दिनांक. आपल्याकडं प्रत्येक शाळेत, दवाखान्यात, सरकारी इमारतीत असं लिहिलेलं असतं. तपासणीला येणारा माणूस तारीख वाचतो आणि पुढं जातो. झाकण उघडत कुणीच नाही. मीसुद्धा शेकडो शाळा पाहिल्या, एकदाही उघडलं नाही.

तारीख दर महिन्याला बदलत होती. मग वास का जात नाही? इथं त्या वर्गातल्या एका मुलीनं जे केलं, ते माझ्या चाळीस प्रश्नांत कुठंही नव्हतं. तिची आई शिवणकाम करते. तिनं घरून तांबडा दोरा आणला आणि झाकणाची कडी आणि बाजूचा हूक यांना बांधून टाकला, बारीक, सहज दिसणार नाही असा. झाकण उघडलं तर दोरा तुटणार. महिना संपला. तारीख बदलली, निळा रंग ओला होता. दोरा जसाच्या तसा. पोरांनी घाई केली नाही, आणखी एक महिना थांबली. पुन्हा नवी तारीख, आणि दोरा तोच, त्यावर आता धूळ बसलेली.

त्या शिक्षिकेनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली. मी तिला म्हणाले की आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाल. तिनं घातलं होतं. ते बघू म्हणाले होते.

आठ दिवसांनी आमची त्या शाळेला भेट होती. भेट म्हणजे काय, आमच्या कार्यालयाचे साहेब, मी, आणि फोटो काढायला एकजण. संस्थेच्या सचिवांनी दारात हार-नारळ ठेवलेला, रांगोळी काढलेली. वर्गात गेल्यावर साहेब नेहमीप्रमाणं हसून म्हणाले, कुणाला काही विचारायचंय का? नेहमी यावर एखादं पाठ केलेलं मूल उठतं आणि साहेब, तुम्ही साहेब कसे झालात असं विचारतं. त्या दिवशी ती दोरा बांधणारी मुलगी उठली. दोन वेण्या, त्यांना निळ्या रिबिनी, हातात वही.

“सर, झाकण न उघडता टाकी धुता येते का?”

साहेब हसले. म्हणाले, नाही बेटा, कशी येईल? मग तिनं वही उघडली आणि सगळं वाचून दाखवलं. वासाच्या नोंदी, दोन्ही तारखा, दोरा कधी बांधला, कुणी कुणी पाहिला. एक शब्द वाढवून सांगितला नाही, कुणाला दोषही दिला नाही. शेवटी म्हणाली की, आम्हाला कळलं नाही म्हणून विचारलं.

सगळे टाकीपाशी गेलो. दोरा होता. मी वाकून बोटानं पाहिला, गाठ घट्ट होती, धूळ माझ्या बोटाला लागली. सचिवांचा चेहरा काळाठिक्कर. शिपायाकडं बघून काहीतरी पुटपुटले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. झाकण कुणीही उघडलं नाही.

आणि माझं काय झालं म्हणाल, तर डोळे भरून आले होते. नऊ वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते माझ्यासमोर दोन वेण्या घालून उभं होतं. मी ताईला, म्हणजे त्या शिक्षिकेला, लांबूनच मान हलवून शाबासकी दिली. ती हसली. परत येताना गाडीत साहेब म्हणाले, मॅडम, हे जरा जास्तच झालं नाही का? मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, हो, जरा. एवढंच म्हणाले. तिथंच मी घसरले होते, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

चौथ्या दिवशी ताईला नोटीस मिळाली. विद्यार्थ्यांना संस्थेविरुद्ध चिथावणे, पाहुण्यांसमोर शाळेची बदनामी करणे. तिनं खुलाशात लिहिलं, की हे मी मनानं केलेलं नाही, शासनाच्या प्रशिक्षणात हेच शिकवलं. पुरावा म्हणून वहीतलं माझं वाक्य तारखेसह उतरवलं. उत्तर गैरसोयीचं निघालं तर समजायचं, आज तास खरा झाला. सचिवांनी खुलासा आमच्या कार्यालयाकडं पाठवला आणि विचारलं, की आपल्या मॅडम खरोखर असं शिकवतात का? त्या एका होकारावर तिची जूनची नेमणूक अडली होती. मी हो म्हटलं असतं तर संस्थेला तिला काढणं जड गेलं असतं, कारण मग चूक तिची उरली नसती, प्रशिक्षणाची झाली असती. तिनं फोन करून एवढंच सांगितलं की मॅडम, तुम्हाला विचारतील, जे झालं ते लिहा. मी म्हटलं, अगं वेडी आहेस का, त्यात विचारायचं काय!

मी हे खरंच मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. धमकी वगैरे काही नाही हो, लोक समजतात तसं काही होत नाही. गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. मग म्हणाले, सोयगावकडच्या एका शाळेत जागा रिकामी आहे, प्रतिनियुक्तीवरच्या कुणाला तरी परत पाठवायचं वरून आलंय, अजून नाव ठरलं नाही. मग कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, एवढा अभिप्राय देऊन टाका, सावकाश लिहा.

निवृत्तीला माझी दोन वर्षं उरलीत. सोयगावच्या एस.टी.ची ती मागची सीट माझ्या डोळ्यांपुढं आली. मला वाटलं होतं, माणूस कचरतो तेव्हा समोर काहीतरी मोठं असतं. माझ्यासमोर एक बस होती. मी लिहिलं, ‘सदर विधान प्रशिक्षणात केल्याचे मला स्मरत नाही.’ सही केली, तारीख टाकली. साहेबांनी शिक्का मारला, शिक्क्यावर अजून शहराचं जुनंच नाव होतं. चहा संपवूनच मी उठले.

जोडीच्या उर्दू शाळेतल्या सरांना मी आपणहून सांगितलं. वाटलं, ते तरी समजून घेतील, त्यांनाही नोकरी आहे, घर आहे. ते म्हणाले, मी तिथंच तुमच्या शेजारी बसलो होतो बाई, मला तर स्मरतंय. पुढच्या प्रशिक्षणाला त्यांनी दुसरा तालुका मागून घेतला.

तिचा फोन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मी तीनदा वाजू दिला. चौथ्यांदा उचलला. वाटलं, रडेल, भांडेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली की नेमणुकीचं पत्र आलं नाही, तुमच्या अभिप्रायाची प्रत मात्र आली. मग विचारलं, “मॅडम, तुम्हाला खरंच आठवत नाही का?”

मला शिकवता आलेला सगळ्यात खरा प्रश्न तो. उत्तर तिला माहीत नव्हतं, आणि मला गैरसोयीचं होतं. मी म्हणाले, अगं, वय झालं आता. ती बरं म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. आता ती वाळूजच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते असं ऐकलं. खरं-खोटं विचारायचं धाडस मला झालं नाही.

सोयगावला दुसऱ्याच कुणाला तरी पाठवलं. मी इथंच आहे. प्रशिक्षणं चालू आहेत. ते वाक्य मी आता म्हणत नाही.

यंदा दिवाळीआधी त्या शाळेची भेट पुन्हा माझ्याच वाट्याला आली. नको म्हणायला कारण सापडलं नाही. हार-नारळ, रांगोळी, सगळं तसंच. टाकीवर निळ्या रंगात चालू महिन्याची तारीख. मी मुद्दाम चालत जवळ गेले. कडीला दोरा नव्हता, हूकसुद्धा कापून टाकला होता.

वर्ग आता आठवीचा. नवीन सर होते, उत्साही, माझंच प्रशिक्षण घेतलेले. त्यांनी टाळी वाजवून विचारलं, प्रश्न विचारणे का महत्त्वाचे आहे? पन्नास मुलं एका सुरात म्हणाली, प्रश्न विचारल्याने बुद्धी तल्लख होते व सत्य समजते. मी दुसऱ्या बाकावर बघत होते. निळ्या रिबिनींची ती मुलगी तिथं होती. तीही म्हणत होती, न चुकता, माझा शब्दन् शब्द. सरांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मी म्हटलं, छान.

मग मी वर्गाला विचारलं, कुणाला मला काही विचारायचंय का? माझा आवाज मला वेगळाच वाटला. मी सगळ्यांना विचारत होते, पण बघत तिच्याकडंच होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला मी आठवत होते, ते तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. टाकीपाशी वाकून तिचा दोरा बोटानं तपासणारी ती मीच, हे तिला पक्कं माहीत होतं.

तेवढ्यात शिपाई ट्रे घेऊन आला. पाहुण्यांसाठी पाण्याची सीलबंद बाटली. वर्गाच्या दाराबाहेर मुलांचा नळ ठिबकत होता, त्याचा वास आतपर्यंत येत होता. मी बाटली हातात घेतली आणि तिच्याकडं बघत थांबले. मनात म्हणत होते, विचार गं बाई, आता तरी विचार, नळाचं का पीत नाही म्हणून. मी खरं उत्तर देईन. या वेळेला देईन.

तिनं मान खाली घातली आणि वहीत रेघा आखायला लागली. मी बाटलीचं झाकण फिरवून सील तोडलं आणि पाणी प्यायले.